औषध वाढलंय

"औषध वाढलंय," एवढंच पाळणाघरातल्या बोरकरकाकू म्हणाल्या आणि फोन कट झाला.

बँकेच्या काउंटरवर बसलेल्या स्नेहलने लगेच उलट फोन लावला. म्हणजे रेवाला अँटिबायोटिक जास्त पाजलं गेलं? निमोनियातून पोर आत्ता कुठे सावरत होती. काकूंचा फोन लागेना. समोरचं गिऱ्हाईक शेजारच्या काउंटरवालीच्या गळ्यात घालून ती धावत सुटली. रिक्षाभर डॉक्टरांचं बोलणं कानात वाजत राहिलं, "घरातला चमचा नको, मापाच्या टोपणानेच द्या." काकूंना चमच्याचीच सवय. आपण नीट दाखवलं होतं ना?

दार ढकललं तर रेवा बाहुलीला खोकायला शिकवत होती. काकू रिकामी बाटली घेऊन पुढे आल्या. "अहो, मोबाइलच बंद पडला. दुपारच्या डोसाला थेंब नाही."

"म्हणजे संपलं?"

"शू!" काकूंनी रेवाकडे पाहिलं. "मीठ, तांदूळसुद्धा आपण वाढले म्हणतो. आजारी लेकरासमोर तो शब्द कशाला?"

स्नेहल भिंतीला टेकली. हसावं की रडावं तिला कळेना. पण एक बाटली पुरायची नाही, मध्ये खंड पडला तर दुखणं उलटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती तशीच उलट पावली निघाली. मागून रेवाचा खोकला आला. हा बाहुलीसाठीचा नव्हता.

औषधांच्या दुकानात तिने चिठ्ठी आणि बाटली पुढे केली.

"संपलं का?" दुकानदाराने विचारलं.

"वाढलंय," ती म्हणाली.