श्रीरंगची भूक

दुपारी पोस्टाच्या खिडकीत बसल्या बसल्या श्रीरंगच्या पोटात कावळे ओरडू लागले. चार महिन्यांत असं पहिल्यांदाच होत होतं. कुंदाताईला यकृताचा तुकडा द्यायचा, तर आधी त्याच्याच यकृतातली चरबी उतरायला हवी होती. त्यासाठी त्याने गोळीएवढा फुगा गिळला होता. पोटात फुगलेला तो फुगा त्याला भूकच लागू देत नसे. तो फुगाच रोज यकृतातली चरबी मोजायचा, आणि यकृत चांगलं झालं की आपोआप विरघळणार होता.

डबा न उघडताच त्याने फोन लावला.

"ताई, मला भूक लागलीय."

ती म्हणाली, "आधी पोटभर जेव."

"आता नाही गं. भूक लागली की उपाशीपोटीच या, म्हणालेत डॉक्टर. निघालोय."