गिरणीत आठवा नंबर

"जोंधळ्याचे सात डबे आधी आहेत, नवरदेव. तुमचा नंबर आठवा," गिरणीवाल्या शेवंताबाई म्हणाल्या. मी मुंडावळ्या सावरल्या आणि माझी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगसाठी सातव्या डब्यामागे रांगेत लावली. बॅटरी दोन टक्के, कार्यालय अकरा किलोमीटर, मुहूर्त पाऊण तासावर.

मामा आपल्या जुन्या जीपला टेकून उभे होते. "भाच्या, पेट्रोल बाटलीतूनसुद्धा आणता येतं. वीज आणून दाखव बाटलीतून. चल, बस जीपमध्ये."

"नाही. नवरीला याच गाडीतून नेणार, असं साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोललोय."

मी नवरीला, केतकीला, फोन करून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सावली आहे का तिथे?"

अर्ध्या तासात ती भटजी, अंतरपाट आणि दोनशे पाहुणे घेऊन आली. सगळे पेट्रोलवर आले, हे मामांनी दोनदा सांगितलं. अंतरपाट गिरणीच्या दारात धरला. अक्षता कार्यालयातच राहिल्या होत्या, म्हणून सातव्या डब्यातला जोंधळा वाटला. त्यामुळे आमचा नंबरही लवकर आला. गळ्यात हार पडले तशी शेवंताबाईंनी हाक मारली, "आठ नंबर, लावा वायर."

मी वायर लावली आणि लाइट गेली.

"आता पाचलाच येती," शेवंताबाई म्हणाल्या.

मामांनी जीपचं दार उघडून धरलं. केतकी शालू सावरत माझ्या गाडीत जाऊन बसली.

"मामा," ती म्हणाली, "तुमची जीप जेवण आणायला बरी पडेल."