चकमक

ऋजुता पहिल्यांदाच हिमालयात निघाली होती. तिचे बाबा, विद्याधर, तिची आणीबाणीची पिशवी भरत होते: शिट्टी, दोरी, मेणात बुडवलेल्या काड्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे डोंगर सुटले होते.

“लायटर पुरे ना, बाबा?”

“थंडीत लायटर दगा देतो. ही चकमक घे.”

“मला नाही जमत ती. पेटवून दाखवा.”

अंगणात ते कण्हतच खाली बसले. वाळल्या गवतावर त्यांनी चकमक घासली. ठिणगी पडली, गवताने पेट घेतला. तो धूर नाकात शिरला आणि गडागडांवरचे मुक्काम त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

“मलाही नेशील का गं?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“पहिल्या तळापर्यंत घोडा जातो. मी विचारून ठेवलंय, बाबा.”

विद्याधरांनी चकमक पुसून पिशवीत ठेवली.

“कधी निघायचं?”