खिशावरचं नाव

"हे गिऱ्हाईक हातचं चाललंय, काका," तनुजा म्हणाली आणि तिने स्क्रीन रेणुकादासांकडे वळवली.

रेणुकादासांचं लातुरातलं कापडाचं दुकान जुनं. आता मात्र निम्मा धंदा वेबसाइटवर होता, आणि तिथे सगळ्यात जास्त खपायचा तो डॉक्टरांचा पांढरा ॲप्रन. शहरात गल्लोगल्ली क्लास. मेडिकलला नंबर लागला की घरचे आधी ॲप्रन घ्यायचे, मग पेढे. वेबसाइटवर एक चौकट होती. तीत नाव लिहिलं की ते ॲप्रनच्या खिशावर निळ्या दोऱ्याने भरल्यासारखं दिसायचं. कोण आलं, कुठून आलं, कशावर किती वेळ थांबलं, हे तनुजा रोज बघायची. पगारच तिला त्याचा होता.

औसा तालुक्यातून एक जण एकोणचाळीस दिवस रोज दुपारी एकच्या सुमाराला यायचा. 'डॉ. शिवम शेषेराव' एवढं लिहायचा, बघत राहायचा आणि काही न घेता निघून जायचा. सुरुवातीला वीस-वीस मिनिटं थांबायचा. गेल्या आठवड्यात तीन-चार. काल जेमतेम एक.

"पाच वेळा घडी मोडून बघणारं गिऱ्हाईक घेतल्याशिवाय उठत नाही," रेणुकादास म्हणाले. "भावाला अडलं असेल. सूट दे."

तनुजाला अडचण किमतीची वाटली नाही. ती स्वतः दोनदा मेडिकलची परीक्षा देऊन थांबलेली. वहीच्या मागच्या पानावर 'डॉ. तनुजा' लिहून बघत बसणं तिला चांगलं ठाऊक होतं. कुठला तरी पोरगा खचत चाललाय, त्याला दोन शब्द धीराचे मिळाले तर उभा राहील, असं तिच्या मनात आलं. तिने मेसेज लिहिला : 'डॉ. शिवम, तुमचा ॲप्रन तुम्ही एकोणचाळीस वेळा पाहिलात. स्वप्न सोडू नका. तो तुमची वाट बघतोय.' खाली सूट टाकली. खात्यावर जो मोबाईल नंबर होता, त्यावर मेसेज गेला.

तिसऱ्या दिवशी एक बाविशीचा पोरगा दुकानात आला. नखांत माती. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला.

"ही चेष्टा कुणी केली?"

"चेष्टा नाही. तुम्ही रोज बघता म्हणून पाठवला."

"मी?" शिवम म्हणाला. "मी कशाला बघू? तीनदा बसलो, न्हाई झालं. सोडून दिलं. आता गावात रोपवाटिका काढलीय. आण्णांच्या, म्हंजे वडलांच्या, फोनवरून त्यांनाच एकदा सदरा मागवला होता, तवा हे खातं काढलं. नंबर माझा टाकला. तेवढाच काय तो संबंध."

मशीनची चूक झाली, असं तनुजाला म्हणता आलं असतं. पण आपल्या आकड्यांना कुणी चेष्टा म्हणावं, हे तिला लागलं. तिने सगळा तक्ता उघडून त्याच्यासमोर ठेवला. तारखा, वेळ, लिहिलेलं नाव.

शिवम खालपर्यंत वाचत गेला.

"दुपारी एकला मी रोपवाटिकेत असतो," तो म्हणाला. "त्या वक्ताला आण्णा जेवायला घरी येतात. एकटेच."

तनुजाने तक्त्यातलं नाव पुन्हा वाचलं.

"बास झालं बापू, सोड आता, असं मला तेच म्हणाले होते. हसत म्हणाले होते." त्याचा आवाज उतरला. "भूकंपात आमची आज्जी दुपारपर्यंत जिवंत होती. डॉक्टर मिळाला न्हाई. आण्णा तवा आठवीत होते. आजवर एकदाच बोललेत त्यावर."

तो दुकानाची पायरी उतरला. गावाकडची बस डावीकडून सुटायची. तो उजवीकडे, क्लासच्या रस्त्याला लागला.

महिनाभराने एक धोतरातला माणूस काउंटरशी येऊन उभा राहिला. त्याने कोपरीच्या खिशातून फोन काढला आणि तनुजापुढे ठेवला.

"ताई, तुमच्या दुकानाचं पान हाय ह्यात. तेवढं काढून द्या."

"नाव काय तुमचं?"

"शेषेराव."

तनुजाने उठून आपली खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"बापूनं रोपवाटिका बंद केली," ते म्हणाले. "चौथ्यांदा परीक्षेला बसायचं म्हणून हितं क्लास लावला. रोपं सगळी वाळून गेली. तुमच्या मनातलं मला कळलंय आण्णा, म्हणला. लई समजावलं. ऐकंना. हे त्याला कुणी सांगितलं, ताई?"

"मी सांगितलं," तनुजा म्हणाली. "मला वाटलं, रोज तोच बघतोय. ही इच्छा तुमची आहे, हे..."

शेषेराव रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोनची काच धोतराच्या सोग्याने पुसली.

"इच्छा व्हती की. पोराला म्या सोड म्हणलो, पर माझंच सुटंना. त्याच्यापुढं त्वांड उतरायला नगं, म्हणून दुपारी त्याच्या माघारी हितं बघून घ्यायचो. अन् दिवस मावळताना त्याच्यासंगं हसत रोपांला पाणी घालायचो."

त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला.

"रोज थोडं थोडं कमी बघत व्हतो, ताई. सुटत आलं व्हतं."