मंजी बोलंना

"मॅडम, ही चौथी खेप. आजबी अशीच बसणार ही," मल्लेश म्हणला आन् फोन त्यानं घागरीला टेकवून ठेवला.

फोनसमोर मंजुषा मांडी घालून बसली होती. नऊ वर्षांची पोर. फोनमधल्या मॅडमकडं टकामका बघायची, पर तोंड शिवल्यासारखं. तिची आई जगदेवी कोरोनात गेली त्याला दीड महिना झालता. पहिले दहा-बारा दिस पोर रडली, भांडली, आईच्या साडीवरून आत्याशी फोनवर वाद घातला. मंग एका सकाळी जी गप झाली, ती गपच.

वर्षाराणी मॅडम लातूरच्या. लेकरांच्या मनाचं बघत्यात. लॉकडाऊन लागल्यापासनं त्यांचं सगळं फोनवरच चालायचं.

"खोलीत अजून कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"मीच की. बाप हाय मी."

"जरा बाहेर थांबता?"

आता औशातलं त्ये घर, दोन खोल्या आन् मधी साडीचा पडदा. मल्लेश पडद्याच्या पलीकडं गेला आन् तिथून खाकरला. मॅडमला ऐकू गेलं.

"मल्लेशराव, तिला इकडंच घेऊन या," त्या म्हणल्या. "आमच्या गच्चीवर बसू, लांब लांब. त्या घरात काहीबी बोललं तरी सगळ्यांना ऐकू जातंय. फोनवर हे व्हायचं नाही."

दुसऱ्या दिशी सकाळीच मल्लेशनं गाडी काढली. लातूरच्या अलीकडं नाक्यावर हवालदारानं काठी आडवी केली.

"कुठं?"

"दवाखान्यात."

"ताप हाय?"

"न्हाई."

"खोकला?"

"न्हाई. पोर बोलत न्हाई, साहेब."

"ह्याचा दवाखाना असतो व्हय?" हवालदार हसला. "आमच्या घरचीला घेऊन जा की मंग. तिला गप करत्याल का बघ."

मंजुषा त्याच्याकडं नुसती बघत राहिली. हवालदाराचं हसू मास्कच्या आतच विरलं. "आई कुठाय हिची?" त्यानं हळू विचारलं. मल्लेशनं नुसती मान हलवली. हवालदारानं काठी उचलली.

मॅडमच्या गच्चीवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मंजुषा वर गेली. मल्लेशला मॅडमनी खाली फाटकापाशी, लिंबाखाली बसवलं. "मी हाक मारेपर्यंत वर यायचं नाही," त्या म्हणल्या.

मल्लेश बसला. त्याला बसायचं चांगलं जमायचं आताशा. तासन्‌तास बसायचा. त्यांच्या लिंगायतात माणूस गेलं की बसवून मातीत ठेवत्यात, गळ्यातल्या लिंगासकट. जगदेवीच्या टायमाला दवाखान्यात त्याच्या हातात कागद दिला, त्यानं न वाचताच सही केली. पुरायचं का जाळायचं, त्यो रकाना कोराच राहिला. कोरा रकाना म्हणजे जाळायचं, हे त्याला हातात राखेचं मडकं आल्यावर समजलं. कोणी त्याला बोल लावला न्हाई. त्योबी रडला न्हाई. वाढलं तेवढं खायचा, विचारलं तेवढं सांगायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, मल्लेश लई घट्ट.

फोन वाजला. मुदखेडची बहीण, शिल्पा.

"दादा, बोलली का रं ती?"

"वर बसलीय. चाललंय."

"बोलंल बघ. आन् माझ्याकडं कधी आणून राहिला?"

"बोलली की लगीच. ई-पासचं बघून ठिवलंय. मुकी पोर कशी सोडू तुझ्या गळ्यात? तुझ्या घरात धा माणसं, हिला भूक लागली तर सांगणार कोण?"

"बरं. किती दिस ठिवू?"

"शाळंत तिकडंच घाल तिला."

शिल्पानं विचारलं, "आन् तू?"

"दुकान हाय की."

"भांड्याचं दुकान तर शिवमूर्तीला दिलंस म्हणं."

"चालवायला दिलंय."

"मंग तू करणार काय रिकामा?"

"बघू," मल्लेश म्हणला. "ऊन लई झालंय. ठिवतो."

वरून आवाज आला. त्यानं मान वर केली. बारीक आवाज, भराभरा, थांबायचं नाव न्हाई. मंजीचा. महिन्याभरानं. शबूद काही कळंना, पर आवाज तिचाच. त्यानं मांडीवर हात ठेवले. त्याला वाटलं आता डोळ्यात पाणी यावं. आलं न्हाई.

तासाभरानं मॅडम खाली आल्या. मंजुषाला त्यांनी आत आपल्या सासूबाईंजवळ बसवलं होतं. तिथून ताटलीत चमचा वाजल्याचा आवाज येत होता.

"बोलली," मल्लेशच म्हणला. "ऐकलं म्या."

"बोलली. लई बोलली."

"झालं मंग. उद्या परवा मुदखेडला नेतो." त्यानं गाडीची चावी काढली. "तुमचे उपकार झाले, मॅडम."

"चावी ठेवा खिशात. वर चला."

"पोरगीला आणू का?"

"ती इथंच बसंल. तुम्ही चला."

"मी कशाला?"

मॅडम सहा फूट लांब उभ्या होत्या, मास्क लावून.

"मल्लेशराव, ती बोलली हे तुम्हाला सांगू नका म्हणून तिनं मला शपथ घातलीय. मी ती मोडतेय. मोडावीच लागती."

"का बरं? मला का न्हाई सांगायचं?"

"तुम्ही रात्री बहिणीशी फोनवर काय बोलता, ते तिला पडद्याच्या अलीकडं सगळं ऐकू येतं. ती काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांगते." मॅडमनी क्षणभर आतल्या दाराकडं बघितलं. "'मी बोलले की अप्पा मला आत्याकडं सोडणार, आन् माघारी येऊन मरणार. मी गप हाय तवर अप्पा हाय.'"