खालची पट्टी

"आज तुझा जुना डेस्कटॉप काढून टाकू," खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसत नवरा म्हणाला. "उगाच जागा अडवून बसलाय."

तिचा हात माउसवर होता तिथेच थबकला. पडद्यावर एका औषधाच्या माहितीपत्रकाचा अर्धा अनुवाद उघडा होता. मूळ मजकूर त्याच्यामागे कुठेतरी दडलेला. महिन्यापूर्वी त्याने याच कॉम्प्युटरवर हा नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची नवी मांडणी, बसवला, तेव्हापासून एका वेळी एकच खिडकी दिसे, स्वच्छ आणि मुकी. खालची करडी पट्टी गेली होती. तिच्यावर उघड्या फाइलींची नावे ओळीने उभी असत, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. हात अजूनही खालच्या डाव्या कोपऱ्याकडे जाई, अंधारात दिव्याचे बटण चाचपावे तसा.

"राहू दे की. कुणाचं काय खातोय तो?"

"या लिनक्स सिस्टिमचं सगळं वैभव निवडीत आहे, बाईसाहेब. आणि तू त्या एका पट्टीला कवटाळून बसणार?" तो हसला. हसणे प्रेमळ होते. तिची खरी अडचण तीच होती. "आता बघ हात कसा बसलाय. म्हटलं नव्हतं, सवय होईल?"

सवय झाली नव्हती. तो कामावर गेला की ती लॉगआउट करी. पुन्हा आत शिरताना नावाखालच्या बारीक चाकाच्या चिन्हावर टिचकी मारली की दोन्ही डेस्कटॉप समोर येत, आणि ती जुना निवडे. मूळ डावीकडे, अनुवाद उजवीकडे. दिवसभर ती तिथे नांदे. पावणेसहाला आवराआवर करून नव्यात परते. जिन्यात त्याची पावले वाजेपर्यंत पडद्यावर मागमूस उरत नसे. आता खरे सांगायचे, तर महिनाभराचे हे येणेजाणेही सांगावे लागणार होते.

सासूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. "तिला विचारलंस का रे?"

"तिच्यासाठीच तर चाललंय, आई."

"तुझे बाबाही असंच म्हणायचे," एवढे बोलून त्या आत वळल्या.

त्याने काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली. काय काय नाहीसे होणार त्याची लांबलचक यादी झरझर सरकली आणि शेवटी यंत्राने विचारले, पुढे जायचे? हो की नाही?

"घे, तूच दाब," कळफलक तिच्याकडे सरकवत तो म्हणाला. "तुझाच कॉम्प्युटर आहे."

प्रश्नापुढचा ठिपका लुकलुकत राहिला. त्याला कसलीच घाई नव्हती. या घरात इतक्या सरळपणे तिला कुणी काही विचारल्याचे तिला आठवेना. तिने 'नाही'चे अक्षर दाबले.

यंत्र निमूट थांबले.

"अगं, चुकीचं बटण दाबलंस."

"चुकून नाही दाबलं."

"घाबरतेस कशाला? तुझ्या फाइलींना धक्का लागणार नाही." त्याने तिच्या खांद्यावर थोपटले, कळफलक स्वतःकडे ओढला आणि तीच आज्ञा पुन्हा लिहिली. या वेळी शेवटी एक आडवी रेघ आणि एक अक्षर वाढवले.

"हे काय?" तिने विचारले.

"हे लावलं की ते परत विचारत नाही," तो म्हणाला.