कूलरमधली भरती

समुद्रापासून शेकडो मैल दूर, नंदनवन वस्तीतल्या त्या घरी कूलरचं पाणी आपोआप वाढायचं, ओसरायचं. वेळ रोज थोडी पुढं सरकायची. कोकणातल्या कोळीवाड्यातून लग्न होऊन आलेल्या दर्शनानं ती वेळ ओळखली. माहेरी तेव्हा भरती असते. पाणीही खारट लागायचं.

"काहून वं, एवढं पाणी भरून राहिली?" नवरा जितेंद्र विचारायचा.

"मी नाही भरलं."

आज अमावास्या, उधाणाचा दिवस. दुपारी पाणी टाकीवरून सांडलं, फरशीभर झालं, तरी थांबेना. तिनं आईला फोन लावला.

"उधाण आलंच नाय, पोरी. दर्या सकाळपासून मागंमागंच चाललाय. बापूस होडी घेऊन त्याच्यामागं गेलाय."

फोन कानाशी असतानाच कूलरच्या पत्र्यावर आतून वल्हं आपटू लागलं, दमलेल्या हातानं मारल्यासारखं.